‘दादा’ या शब्दाची नोंद

गुरुवार, दिनांक १४ मार्च २०१९ रोजी सकाळी साडेदहा वाजता कोश काढणाऱ्या संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावरील बैठकीच्या खोलीत खुर्च्या नऊ होत्या, माणसे सात होती आणि टेबलावर कोशाच्या अंतिम प्रुफांचे दोन गठ्ठे होते. त्या प्रुफांत १,२९५ नोंदी होत्या. त्या १,२९६ असायला हव्या होत्या. जी एक नव्हती, तिच्यासाठी मी घरून निघतानाच दातओठ खात निघालो होतो.

त्या सातांत माझे काम काय, ते आधी सांगतो. मी यंत्र-आरेखक. तंत्रनिकेतनातून पदविका घेतली आणि पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात अडतीस वर्षे काढली. कोश माझा नव्हे, माझ्या धाकट्या बहिणीचा. आशियातल्या देशांचे आपसांतले संबंध आणि चिनी राजकीय विचार हा तिचा विषय. जुन्या राज्यविचारातला एकेक चिनी शब्द घ्यायचा, तो कुठून आला, पुढे कोणी कसा वाकवला आणि आज कोणत्या करारात, कोणत्या भाषणात कोणत्या अर्थाने येतो, हे मराठीत लिहायचे, असा तो कोश. सत्तावीस वर्षे ती त्यासाठी खपली. १,२९६ पैकी १,२६५ नोंदी तिच्या हातच्या. उरलेल्या एकतीस संस्थेच्या संचालकांच्या. निवृत्तीनंतर क्रमांक आणि परस्परसंदर्भ तपासण्याचे काम मी बिनपगारी पत्करले होते, म्हणून मला खुर्ची. मत मला नव्हते. मत तिलाही नव्हते. लेखकाने स्वतःच्या पुस्तकावर मत देऊ नये, असा ठराव त्याच वर्षी मंजूर झाला होता. सुचवणारे संचालक, अनुमोदन देणारे कार्यवाह.

धाकटी चोवीस वर्षांची असताना, १९८२ साली, चिनी शिकायला घराबाहेर पडली. वडील म्हणाले होते, “चिनी शिकून करणार काय? कपबशीखालची अक्षरं वाचणार?” दोन वर्षांनी ती परतली आणि पहिल्याच सकाळी तिने बशी उलटी करून वाचून दाखवले, “उत्तम दर्जा.” जोडीच्या कपाचा कान तेव्हा तुटलेला होता. वडील हसले आणि पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नाहीत.

बाहेरचे लोक मात्र बोलत राहिले. पहिली पंधरा वर्षे तिला ऐकवण्यात आले की या विषयाला विचारतो कोण. पुढे सीमेवर कुठे काही खुट्ट झाले की सगळेच विचारू लागले, फक्त उत्तर तीन मिनिटांत हवे. “बाई, युद्ध होणार की नाही, एवढंच सांगा.” ती म्हणायची, “त्यासाठी एक जुना शब्द समजून घ्यावा लागेल.” समोरून उत्तर यायचे, “जाहिरातीनंतर.” जाहिरातीनंतर हवामानाचा अंदाज लागायचा. एकदा एकाच लेखावर एकाच आठवड्यात तिला दोन पत्रे आली. एकात ती चीनधार्जिणी होती, दुसऱ्यात चीनद्वेष्टी. तिने दोन्ही पत्रे एकाच टाचणीने टोचून ठेवली. प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला ती तीनदा बसली आणि तिन्ही वेळा तिच्याहून कमी लिहिलेला, पण जास्त बोलणारा माणूस घेतला गेला. तिसऱ्या वेळी घेतला गेलेला माणूस तिचाच विद्यार्थी होता. तोच आता संचालक.

विद्यार्थी असताना त्याच्या सदऱ्याला कधी चुणी दिसली नाही, म्हणून धाकटी घरी त्याला ‘इस्त्री’ म्हणायची. पुढे तिच्या लक्षात आले की तो वाक्यांनाही इस्त्री करतो. ज्या वाक्यात काही टोचण्याजोगे असेल, ते त्याच्या हाताखालून गुळगुळीत होऊन बाहेर पडायचे.

आता त्या शब्दाविषयी. चीनमध्ये फार पूर्वी अनेक राज्ये होती. मधोमध एक राजा होता, पण त्याचे कोणी ऐकत नसे. अशा वेळी सगळ्यांत बळकट अधिपती बाकीच्यांना बोलावी, शपथा घ्यायला लावी, बाहेरच्यांपासून राखण करी. त्याला ‘बा’ म्हणत. हा शब्द आणि ‘थोरला भाऊ’ या अर्थाचा ‘बो’ हा शब्द जुन्या लेखनात एकमेकांच्या जागी येतात. नंतरच्या विचारवंतांनी मात्र सद्‌गुणाने राज्य करणारा एकीकडे आणि बळाने राज्य करणारा ‘बा’ दुसरीकडे, अशी वाटणी केली. आज तो शब्द दुसऱ्यांवर गुरगुरणाऱ्या महासत्तेला लावतात. धाकटीचे म्हणणे असे की आशियातले निम्मे भांडण या एका शब्दाच्या पोटात आहे: थोरला कोणी व्हायचे, आणि थोरला कोणत्या क्षणी गुंड होतो. हे तिला कळत होते, पण मराठीत मांडता येत नव्हते.

ते मांडता आले १९९२ साली, आणि त्याला कारण तिचा घरमालक. पुस्तकांच्या वजनाने जमीन खचेल म्हणून त्या गृहस्थाने तिच्या चार ट्रंका जिन्यात आणून टाकल्या होत्या. मी कारखान्यातून तडक तिथे गेलो, त्याची गचांडी धरली आणि एका चौरस फुटाला किती भार झेपतो याचे गणित त्याला मोठ्या आवाजात समजावून दिले. ट्रंका त्याने स्वतः उचलून आत ठेवल्या. नंतर चहा पिताना धाकटी म्हणाली, “दादा, ही शुद्ध दादागिरी झाली.”

“मग? दादा कशाला असतो?”

तिने कप खाली ठेवला. “परत म्हण.”

“काय परत म्हणू?”

“दादा. थोरला भाऊ तोही दादा, आणि गल्लीतला गुंड तोही दादा. अरे, आपल्याकडे हा शब्द तयार पडलाय आणि मी दहा वर्षं डोकं फोडतेय!”

त्या दिवशी तिने कोशाचे काम सुरू केले. कार्ड मी आखून दिले. कारखान्यातल्या प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात: आखले, तपासले, मंजूर. तशाच तीन चौकटी मी कार्डावर काढल्या: लिहिले, तपासले, मंजूर. मागच्या बाजूस छापून घेतले, ‘तिन्ही सह्यांखेरीज नोंद छापू नये.’ संस्थेने पुढे हेच कार्ड आणि हाच नियम अधिकृत केला. शेवटची प्रुफे हाती आल्याखेरीज नोंद लिहिणाऱ्याने ‘मंजूर’च्या चौकटीत सही करायची नाही, हा माझा हट्ट. धाकटी त्यावर चिडायची. “दादा, मी पंप बनवत नाहीये.” तरी तिने तो पाळला.

‘बा’ची दोन कार्डे तिने लिहिली. क्रमांक ८८: ‘दादा (थोरला)’. क्रमांक ८९: ‘दादा (गुंड)’. कोशातल्या दोनशे चौदा नोंदी या दोहोंकडे बोट दाखवत होत्या.

मंगळवारी तिचा फोन आला. “दादा, अठ्ठ्याऐंशी नाहीये.”

“नाही म्हणजे?”

“सत्त्याऐंशीनंतर एकदम एकोणनव्वद. आणि एकोणनव्वदमध्ये ‘दादा’ नाही, ‘वर्चस्ववादी सत्ता’ आहे. दोनशे चौदा ठिकाणी हेच. ‘दादा’ आख्ख्या कोशात एकदाही नाही. हे असंच छापलं, तर माझं सगळं म्हणणं पुसलं जाईल आणि खाली नाव मात्र माझं राहील.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सत्तावीस वर्षांचे काम एका इस्त्रीने सपाट केले, एवढेच मला दिसले.

म्हणून त्या गुरुवारी, कार्यवाहांनी विषयपत्रिका वाचायला घेतल्याबरोबर, मी उभा राहिलो.

“आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या,” मी संचालकांना म्हणालो. “अठ्ठ्याऐंशी क्रमांकाचं कार्ड कुठं आहे?”

“आपण बसून बोलू या का?”

“मी उभाच बरा आहे. अडतीस वर्षं ड्रॉइंग बोर्डासमोर उभा राहिलोय. ज्यांनी तुम्हाला अक्षर ओळखायला शिकवलं, त्यांच्या शब्दाला कात्री लावताना हात कसा कापला नाही तुमचा? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच!”

टेबलाच्या टोकाला एक निवृत्त राजदूत बसले होते. कोशाची प्रस्तावना ते लिहिणार होते. ते म्हणाले, “साहेब, आवाज जरा…” छापखानेवाले गृहस्थ आपल्या घड्याळाकडे पाहू लागले. ग्रंथपालबाई तेवढ्या माझ्याकडे सरळ पाहत होत्या. धाकटी माझ्या बाजूला बसून होती, हात टेबलावर, बोटे एकमेकांत अडकवलेली.

संचालकांनी आवाज चढवला नाही. त्यांनी फाइल उघडली, एक कार्ड काढले आणि बोटाने ढकलत माझ्यासमोर आणून ठेवले.

कार्ड क्रमांक ८८. त्यावर तिरपा, लाल शिक्का: रद्द. शिक्क्याखाली लाल शाईत, आरेखकाच्या सरळ अक्षरांत: ‘दुबार. पाहा ८९.’ आणि ‘तपासले’च्या चौकटीत सही.

सही माझी होती.

मग आठवले. २०१६ चा ऑगस्ट. धाकटीच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते आणि तिला महिनाभर वाचायची बंदी होती. मी तिच्या खोलीत रोज दहा ते पाच बसून कार्डे तपासत होतो. एकाच शब्दाला दोन कार्डे, दोन्हींवर मराठी प्रतिशब्द एकच. ड्रॉइंग ऑफिसात एका भागाला दोन क्रमांक म्हणजे पाप; त्यातून चुकीचा भाग तयार होतो आणि पंप फुटतो. मी शिक्का मारला. ती शेजारच्या खोलीत डोळ्यांवर पट्टी बांधून पडली होती. भिंतीपलीकडून हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. यात विचारण्यासारखे काय आहे, असे मला वाटले. कंसातला शब्द मी वाचलाच नाही.

“तपासनीसांनी रद्द केलेलं कार्ड मी छापू शकत नाही,” संचालक म्हणाले. “मी फक्त व्यवस्था पाळली. व्यवस्था तुमचीच आहे, साहेब.”

कार्यवाह खोकल्यासारखे हसले. मी बसलो. कान असे तापले होते की चष्म्याच्या काड्या टोचू लागल्या. धाकटीने कार्ड आपल्याकडे ओढले, बराच वेळ पाहिले. माझ्याकडे पाहिले नाही.

रागाला काम दिले नाही तर तो माणसालाच खातो, हे मी कारखान्यात शिकलो आहे. मी प्रुफांचा गठ्ठा पुढे ओढला आणि एकोणनव्वदावी नोंद काढली. मग मूळ कार्ड मागितले. ग्रंथपालबाईंनी ते खणातून लगेच काढून दिले. जणू त्या वाटच पाहत होत्या. कार्डावर शब्द होता ‘दादा (गुंड)’. प्रुफात होता ‘वर्चस्ववादी सत्ता’.

“अठ्ठ्याऐंशी मी मारलं,” मी म्हणालो. “चूक माझी, शंभर टक्के माझी. पण मी लिहिलं होतं, पाहा एकोणनव्वद. एकोणनव्वदवर माझा शिक्का नाही, खाडाखोड नाही. तिथला शब्द कोणी बदलला? आणि दोनशे चौदा ठिकाणी कोणी बदलला? हे व्यवस्थेनं नाही केलं. हे हातानं केलंय.”

संचालकांच्या सदऱ्यावर तेव्हाही चुणी नव्हती. “संपादकीय सुधारणा,” ते म्हणाले.

“तुम्हाला माहीत होतं की ही दुबार नोंद नाही. बाईंच्या हाताखाली सहा वर्षं होतात तुम्ही. मी पंपवाला, मला नाही कळलं. तुम्हाला कळलं, आणि माझ्या चुकीच्या आड लपलात!”

“दादा,” धाकटी म्हणाली, “बस झालं.” मग ती संचालकांकडे वळली. बैठकीत ती त्यांना ‘आपण’ म्हणत असे. त्या दिवशी ती सरळ जुन्या ‘तू’वर आली. “चूक कळली ना? मग अठ्ठ्याऐंशी परत घाल आणि शब्द होता तसा कर. दोन दिवसांचं काम आहे.”

“बाई, आता अवघड आहे.”

“का?”

उत्तर राजदूतांनी दिले. “बाई, तुमच्या विद्वत्तेबद्दल प्रश्नच नाही. पण हा कोश अधिकारी वापरणार, वार्ताहर वापरणार. त्यांना एका शब्दाचा एक अर्थ हवा. समोरची सत्ता थोरला भाऊ की गुंड, यावर आपण त्यांना घोळात टाकायचं का? शिवाय ‘दादा’ म्हणजे अगदीच… गल्लीतला शब्द वाटतो हो.”

“घोळ मी घातलेला नाही, साहेब. तो अडीच हजार वर्षांपासून तिथं आहे. समोरचा स्वतःला थोरला समजतो आणि शेजाऱ्याला तो गुंड दिसतो, हेच तर तुमच्या अधिकाऱ्याला समजायला हवं. नाहीतर तो वाटाघाटींना बसून काय करणार, बिस्किटं खाणार?”

छापखानेवाले हसले आणि लगेच गंभीर झाले. त्यांच्या बशीत बिस्कीट होते.

मतदान झाले. शब्द परत न घालण्याच्या बाजूने चार, विरुद्ध एक. विरुद्धचा हात ग्रंथपालबाईंचा. कार्यवाहांनी तो लिहून घेताना त्यांचे पद दोनदा विचारले, जणू पंचवीस वर्षे त्या इमारतीत त्यांनी बाईंना पाहिलेच नव्हते.

मग संचालकांनी कार्डांचे खोके मागवले. बारा लांबट खोकी टेबलावर मांडली गेली. “तर बाई, एवढ्या ‘मंजूर’च्या सह्या झाल्या की आजच छपाईला जाईल. सत्तावीस वर्षांचं भिजत घोंगडं एकदाचं वाळेल.” त्यांनी स्वतःचे पेन टोपण काढून तिच्यापुढे ठेवले.

धाकटीने पेनला टोपण लावले.

“तू व्यवस्था पाळतोस ना?” ती म्हणाली. “कार्ड उलटं कर. मागे काय छापलंय, मोठ्यानं वाच.”

ते वाचेनात. ग्रंथपालबाईंनी वाचले. “तिन्ही सह्यांखेरीज नोंद छापू नये.”

“मी सही करणार नाही. माझ्या एकाही कार्डावर नाही.”

संचालकांचा चेहरा पहिल्यांदाच चुरगळला. “बाई, एका शब्दापायी? १,२६४ नोंदी आहेत! आयुष्य आहे तुमचं ते! त्या काढल्या तर उरतात फक्त माझ्या एकतीस. मला दुसऱ्यांकडून लिहून घ्यावं लागेल. सहा महिन्यांत चमू बसवीन मी.”

“बसव. चिनी येणारी माणसं घे म्हणजे झालं.” ती उभी राहिली. “आणि शब्दापायी नाही रे. तो शब्द तुला पटत नव्हता, तर माझ्या दारात येऊन भांडायचं होतंस. मी तुला तेच तर शिकवलं होतं. तू मला विचारलं नाहीस.” मग पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिले. “आणि दादा, तूही नाही.”

मला चारचौघांत कानफटात मारली असती तरी चालले असते.

आम्ही बाहेर पडलो. जिन्याच्या वळणावर एक उंच खिडकी आहे, तिथे ती थांबली. अठ्ठ्याऐंशी क्रमांकाचे कार्ड तिच्या हातात होते. ते परत मागण्याचे धैर्य कोणाला झाले नव्हते. मी माफी मागायला तोंड उघडले, तर तिने हात वर केला.

“नको. आत्ता मला राग आलाय, तो येऊ दे. तुझाही, त्याचाही. पण तुझा जास्त. त्याच्याकडून मी तसली अपेक्षा केव्हाच सोडली होती.”

“सत्तावीस वर्षं गेली तुझी माझ्यापायी.”

“तुझ्यापायी? वा! म्हणजे आता सगळं तुझ्यामुळं झालं, असंही तूच ठरवणार का?” ती कडाडली. खालून जिना चढणारा एक गृहस्थ दचकून दोन पायऱ्या मागे उतरला. “थोरला असला की माणसाला सगळं आपल्यामुळंच होतं असं वाटतं. हेच लिहिलं होतं मी त्या कार्डावर. वाचलं असतंस तर!”

तिने कार्ड खिडकीच्या कठड्यावर ठेवले. “पेन काढ. तुमच्या ड्रॉइंग ऑफिसात चूक झाली की काय करतात?”

“खोडत नाहीत. एक रेघ मारतात, दुरुस्ती लिहितात, सही करतात, तारीख घालतात. चूक वाचता आली पाहिजे.”

“मग कर.”

मी माझ्या शिक्क्यावर पट्टीशिवाय एक रेघ मारली; ती सरळ आली नाही. खाली लिहिले: ‘रद्द करणे रद्द. चूक तपासनीसाची. १४-३-२०१९.’ सही केली. तिने कार्ड उचलले, कंसातल्या शब्दासकट पूर्ण वाचले, माझ्या हातातून पेन घेतले आणि ‘मंजूर’च्या चौकटीत स्वतःची सही केली. तिच्या १,२६५ कार्डांपैकी तिन्ही सह्या असलेले तेवढे एकच.

संचालकांनी चमू बसवला. चमूतल्या दोघांनी महिन्याभरात धाकटीलाच फोन करून शब्दांचे अर्थ विचारले. तिने त्यांना ग्रंथालयाची वेळ सांगितली.

कोश पुढच्या जानेवारीत निघाला. प्रस्तावना चौदा पाने. नोंदी एकतीस.